रुग्णसेवेचे शास्त्र – भाग ६ : एका श्वासात किती अंक?

मागच्या भागात मधुमेहाने बधिर झालेल्या पायांची निगा कशी राखायची ते पाहिले. तिथे मज्जातंतू झिजायला वर्षे लागतात. गियाँ-बारे सिंड्रोममध्ये, म्हणजे जीबीएसमध्ये, काही दिवस पुरतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या सिंहगड रस्त्याच्या परिसरात याचे रुग्ण वाढले आणि हे नाव घराघरांत पोचले. दूषित पाणी, जुलाब, कॅम्पायलोबॅक्टर जंतू यांवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. वॉर्डातल्या सिस्टरना काय काय करावे लागते, यावर फारसे कोणी लिहिले नाही.

जंतूशी लढणारी शरीराची यंत्रणा या आजारात स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. वायरीवरचे प्लास्टिक सोलून निघावे तसे तंतूंवरचे आवरण जाते आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा होतो. आधी पावलांना मुंग्या येतात, मग जिना चढवत नाही, मग हात उचलत नाहीत. अशक्तपणा असा वर सरकत असताना सिस्टरने डोळ्यांत तेल घालून पाहायचा तो श्वास.

इथेच फसगत होते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवत राहतो आणि नातेवाईक निर्धास्त होतात. पण छातीचे स्नायू थकत चालले तरी ऑक्सिजनचा आकडा बऱ्याच उशिरा घसरतो. म्हणून दर काही तासांनी रुग्णाला सांगायचे, ‘काका, खोल श्वास घ्या आणि एका दमात मोठ्याने अंक मोजा.’ सकाळी ३० पर्यंत गेलेला माणूस दुपारी २० वर आणि संध्याकाळी १२ वर अडखळला, तर डॉक्टरांना लगेच बोलवायचे; तेव्हा ऑक्सिमीटर काहीही म्हणो. उशीवरून मान उचलता येते का, खोकला जोरकस आहे का, पाण्याच्या घोटाला ठसका लागतो का, हेही पाहायचे. ठसका लागत असेल तर तोंडाने काही द्यायचे नाही. प्रेमाने पाजलेला चमचाभर चहाही फुप्फुसात जाऊ शकतो. साधारण चार-पाच जणांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. ती वेळ आधी ओळखली तर नळी घाईगडबडीत घालावी लागत नाही, आणि ती ओळखणे माझ्या मते सर्वांत आधी सिस्टरच्या हातात असते.

व्हेंटिलेटरवर गेलेला हा रुग्ण पूर्ण शुद्धीत असू शकतो. त्याला सगळे ऐकू येते, समजते आणि दुखतेही. कधी अंगावरची चादरसुद्धा सहन होत नाही. त्याच्या पलंगाशी उभे राहून ‘हा वाचेल का’ अशी चर्चा करणे क्रूरपणाचे आहे. कूस बदलण्यापूर्वी, सक्शन करण्यापूर्वी त्याला सांगायचे. सक्शन करताना नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून मॉनिटरवरची नजर हटवायची नाही. पापण्या मिटत नसतील तर डोळ्यांत थेंब घालून रात्री पट्टी लावायची. कूस दर दोन तासांनी बदलायची, पावले खाली लोंबू नयेत म्हणून आधार द्यायचा, पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होत नाही ना ते पाहायचे.

बोलण्यासाठी पापणी पुरते: एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. आपली वर्णमाला वर्गांत मांडलेली असल्याने अक्षरांचा तक्ता फार उपयोगी पडतो. आधी ओळ विचारायची, क-वर्ग की च-वर्ग, मग त्यातले अक्षर. ‘पाठ’ हा शब्द जुळला, की कुठे दुखते ते कळते.

इम्युनोग्लोब्युलिन साधारण पाच दिवस देतात, नाहीतर प्लाझ्मा बदलतात. या उपचारांनी आजाराचा हल्ला आवरतो, पण गेलेले बळ त्याच आठवड्यात परतत नाही. नुसते आवरण गेले असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येते. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर त्याला गाठायचे असते. हा हिशेब नातेवाईकांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावा. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. घरी गेल्यावरही थकवा बराच काळ राहतो आणि तो आळस नसतो, हेही घरच्यांना तेव्हाच सांगून ठेवावे.