दंडातील तिसरे मूळ आणि हाडाचा काटा

मंडळी, दंडाची बेटकुळी काढायला पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. कोपर वाकवले, मूठ आवळली की गोळा उभा राहतो. या स्नायूला शास्त्रात द्विशिरस्क म्हणतात, म्हणजे दोन डोक्यांचा. आपण मुळे म्हणू. दोन्ही मुळे खांद्याच्या फऱ्यापासून निघतात, खाली एक होतात आणि कोपराखाली अंगठ्याकडच्या हाडाला चिकटतात. बादली उचलताना, उजव्या हाताने पेच आवळताना त्याचा मोठा हातभार असतो, अगदी शब्दशः!

गुरुजी, शाळेतल्या तक्त्यावर दोनच मुळे असतात आणि मुलांना तेवढेच शिकवावे. पण साधारण दहा माणसांत एकाच्या दंडात तिसरे मूळही सापडते. ते बहुधा दंडाच्या हाडापासूनच निघते; कधी एका हातात, कधी दोन्ही. त्याने माणूस पहिलवान होत नाही की अधू होत नाही. मात्र दंडाचे हाड मोडले तर या जादा ओढीने तुकडे भलतीकडे सरकू शकतात. शस्त्रक्रिया करणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते.

याहून विरळा, पण त्रास देऊ शकणारा प्रकार दुसराच आहे. शंभरात एखाद्याच्या दंडाच्या हाडावर, आतल्या अंगाला, कोपराच्या वर तीन-चार बोटांवर, खाली वळलेला एक लहानसा काटा असतो. त्यापासून कोपरापर्यंत कधी एक चिवट पट्टा जातो. तळहात पालथा करणाऱ्या स्नायूचे काही तंतूही तिथून निघतात. स्कॉटलंडच्या जॉन स्ट्रूदर्स यांनी १८४८ मध्ये याचे वर्णन केले. पुढे त्यांना एक बाप आणि त्याच्या सात मुलांपैकी चौघे असे सापडले. डार्विनने आपल्या ग्रंथात हे नोंदवले आहे. मांजराच्या हाडात याच जागी चक्क भोक असते, आणि त्यातून हाताची मुख्य रक्तवाहिनी व एक मोठी नस जाते.

माणसात तीच नस त्या पट्ट्याखाली सापडली, तर अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येतात, पकड सुटते. आता, अशा मुंग्यांचे कारण बहुतेक वेळा मनगटातच असते, हे खरे. पण हात सरळ करून तळवा वर केल्यावर त्रास वाढत असेल, कोपराच्या वर आत टणक गाठ लागत असेल, तर डॉक्टरांना ती जागा बोट ठेवून दाखवा. नाहीतर मनगटावर इलाज होतो आणि दुखणे दंडात राहते! ती गाठ चोळून बसवायला जाऊ नका. ते हाडच आहे, नस मात्र दुखावेल. तिरक्या बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात काटा दिसतो. त्रास नसेल तर त्याला हात लावायचे कारण नाही. त्रास हटत नसेल, तर काटा आणि पट्टा शस्त्रक्रियेने काढून नस मोकळी करतात.