नारळावरचा निरोप

दोस्तांनो, गाव एका बेटावर आणि विमानतळ दुसऱ्याच बेटावर! प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांमधलं गिझो हे असंच एक चिमुकलं गाव. विमानातून उतरायचं, की लगेच होडीत बसायचं. किनाऱ्यालगत मोठा रस्ता आणि तिथंच मासळी-भाजीचा बाजार.

बाजार पाहून झाला, की होडीनं जवळच्या ‘केनेडी बेटा’वर जायचं. बेट एवढंसं, पण त्याची गोष्ट मोठी आहे, बरं का!

२ ऑगस्ट १९४३. दुसरं महायुद्ध पेटलेलं. रात्रीच्या काळोखात एक जपानी युद्धनौका अमेरिकेच्या ‘पीटी-१०९’ या छोट्या नौकेवर आदळली. १३ पैकी दोघे गेले. उरलेले ११ जण सुमारे चार तास पोहून या बेटावर पोचले. भाजलेल्या सोबत्याच्या जॅकेटचा पट्टा दातांत धरून त्यांचे कप्तान जॉन केनेडी पोहत होते!

पण बेटावर ना अन्न, ना पाणी. म्हणून ते पोहत पुढच्या बेटावर गेले. तिथं भेटले बिउकू गासा आणि एरोनी कुमाना हे दोन स्थानिक तरुण. केनेडींनी नारळावरच निरोप कोरला. शत्रूच्या पहाऱ्यातून होडी वल्हवत दोघांनी तो दूरच्या अमेरिकन तळावर पोचवला. अकराही जण वाचले!

१९६१ मध्ये केनेडी अमेरिकेचे अध्यक्ष झाले. तो नारळ त्यांच्या टेबलावर असे.

बेटाला नाव मिळालं केनेडींचं. तुम्ही मात्र नकाशात गिझो शोधाल, तेव्हा गासा आणि कुमाना यांनाही आठवा हं!