कपाशीच्या कडेच्या पाच ओळी : खेळ-सिद्धांताच्या दृष्टीने एक विचार

भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस 2002 मध्ये अनुज्ञा मिळाली, तेव्हा तिच्याबरोबर एक अटही घालण्यात आली. बीटी कपाशीच्या सभोवार एकूण क्षेत्राच्या 20 टक्के, अथवा पाच ओळी, यांपैकी जे अधिक भरेल तितकी साधी, म्हणजे नॉन-बीटी कपाशी लावावी, अशी ती अट होती. त्यासाठी 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या बियाण्याचे वेगळे पाकीट देण्यात येई. यवतमाळ जिल्ह्यात, किंबहुना देशाच्या बहुतेक कापूसपट्ट्यात, ही पाकिटे क्वचितच पेरली गेली. शेतकऱ्यांचे अज्ञान हे त्याचे कारण म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. हे निदान कितपत ग्राह्य आहे, हे खेळ-सिद्धांताच्या कसोटीवर तपासता येते.

प्रथम या ओळींचे प्रयोजन पाहिले पाहिजे. बीटीचे विष पचवू शकणारी गुलाबी बोंडअळी आरंभी अत्यंत विरळ असते. साध्या कपाशीवर वाढलेले पुष्कळ पतंग जवळपास असतील, तर त्या विरळ अळीच्या पतंगाचा संयोग त्यांच्याशीच होण्याचा संभव अधिक. आणि अशा संकरातून निपजलेली अळी बहुधा बीटी कपाशीवर मरते. तूर, हरभरा यांवर जगणाऱ्या हिरव्या बोंडअळीला हा आश्रय इतर पिकांतूनही मिळतो. गुलाबी अळीचे तसे नाही. तिचा निर्वाह मुख्यतः कपाशीवरच होतो. म्हणून त्या पाच ओळींचे महत्त्व. मात्र पतंग धुरा ओळखत नाहीत. एकाने पेरलेल्या आश्रय-ओळींचा लाभ शेजाऱ्यालाही होतो, आणि त्यांवरील बोंडांचे नुकसान मात्र पेरणाऱ्यालाच सोसावे लागते.

येथून पुढचा प्रश्न कीटकशास्त्राचा राहत नाही. समजा, एका शेतकऱ्याच्या आश्रय-ओळींचा त्यास 200 रुपये खर्च पडतो व त्यांपासून त्याला आणि शेजाऱ्याला प्रत्येकी 150 रुपयांचा लाभ होतो. (आकडे केवळ स्पष्टीकरणार्थ आहेत.) दोघांनीही ओळी पेरल्या तर प्रत्येकास 100 रुपये उरतात. एकानेच पेरल्या तर पेरणाऱ्यास 50 रुपयांची तूट येते व दुसऱ्यास 150 रुपये विनासायास मिळतात. कोणीच न पेरल्यास लाभ शून्य. शेजारी काहीही करो, न पेरण्यातच प्रत्येकाचा 50 रुपयांनी फायदा आहे. दोघेही आपापल्या परीने शहाणपणाने वागतात आणि दोघांनाही मिळू शकणारे 100 रुपये गमावतात.

या कोंडीचा इतिहास फार जुना नाही. जॉन फॉन नॉयमान यांनी 1928 मध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांच्या अशा खेळांचे प्रमेय सिद्ध केले, ज्यांत एकाचा लाभ तीच दुसऱ्याची हानी असते. 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाने या विषयास शास्त्राचे रूप आले. जॉन नॅश यांची समतोलाची कल्पना 1950 मधील. त्याच वर्षी मेरिल फ्लड व मेल्विन ड्रेशर यांनी उपरोक्त रचनेचा खेळ माणसांकडून खेळवून पाहिला, आणि आल्बर्ट टकर यांनी त्यास दोन कैद्यांच्या कथेचा पेहराव चढविला. ‘कैद्यांचा पेच’ हे नाव तेव्हापासूनचे. कथा इतकी रुजली की, पेच गुन्हेगारांचाच असतो असा समज व्हावा. वस्तुतः त्यात नीती-अनीतीचा संबंध नाही.

खेळ पुनःपुन्हा खेळला जात असेल तर मात्र चित्र पालटते. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास संगणकावर घेतलेल्या दोन स्पर्धांत आनातोल रापोपोर्ट यांची सर्वांत साधी चाल विजयी ठरली : आरंभी सहकार्य करावे, नंतर समोरच्याने मागील डावात जे केले तेच करावे. मराठीत यास ‘जशास तसे’ म्हणतात, परंतु त्या शब्दप्रयोगात सूडाची छटा आहे आणि पहिल्या सहकार्याचा मागमूसही नाही. ‘सावड’ हा शब्द अधिक जवळचा. आज एकाच्या शेतात राबायचे, उद्या त्याने आपल्या शेतात. न आला, तर पुढील खेपेस आपणही जायचे नाही. सावड टिकते, कारण कोण आला नाही हे सर्वांना दिसते आणि त्याचा परिणाम त्याच्यापुरता मर्यादित ठेवता येतो.

आश्रय-ओळींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचा अभाव आहे. राळेगाव वा पांढरकवडा परिसरातील लहान लहान शेतांच्या शिवारात कोणी पाकीट पेरले नाही, याचा परिणाम वर्षे लोटल्यावर जाणवतो, आणि तोही सर्वांनाच. चुकाराला शिक्षा म्हणून स्वतः ओळी न पेरणे, म्हणजे साऱ्या शिवाराला शिक्षा करणे होय. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अटीचे पालन बऱ्याच अंशी झाले. परंतु तेथे शेते मोठी व शेतकरी मोजके. भारतात एक-जनुकी बीटीवर गुलाबी अळीने मात केल्याचे 2010 मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. 2006 मध्ये आलेले द्वि-जनुकी वाणही पुढे निष्प्रभ ठरले, आणि 2017 च्या हंगामात यवतमाळसह विदर्भातील कपाशी या अळीने पोखरली. लांबलेला हंगाम व फरदड ही कारणेही त्यात होतीच. सारा दोष ओळींच्या अभावाकडे देणे एकांगी होईल.

नंतर योजिलेला उपाय या दृष्टीने उद्बोधक आहे. वेगळे पाकीट रद्द करून साधे बियाणे बीटी बियाण्याच्या पिशवीतच मिसळण्यात येऊ लागले. शेतकऱ्याचे मन वळविण्याऐवजी त्याच्या हातातील चालच काढून घेण्यात आली, खेळच बदलला. त्यातही एक गुंतागुंत आहे. संकरित कपाशीच्या एकाच बोंडात बीटी व बीटीविरहित अशा दोन्ही प्रकारच्या सरक्या तयार होतात, आणि गुलाबी अळी सरकीच खाते. त्यामुळे मिश्र पेरणीतून मिळणारा आश्रय कितपत परिणामकारक, हा प्रश्न पुन्हा कीटकशास्त्राकडे जातो.