भोजनोत्तर नकार

सहकुटुंब भोजन आटोपून बिल मागवावे, त्यासोबत त्याच उपाहारगृहाने वाटलेले सवलतीचे कूपन पुढे करावे, आणि ‘हे शनिवार-रविवारी चालत नाही’ असे उत्तर गल्ल्यावरून यावे, हा अनुभव शहरवासीयांना आता नवा उरलेला नाही. रक्कम शे-दोनशे रुपयांची असते, मुले दारापाशी ताटकळत असतात, शेजारच्या टेबलांवरील माणसे वळून पाहू लागतात. सबब बहुतेक जण पूर्ण पैसे भरून निमूटपणे बाहेर पडतात. नकार देणाराची सारी भिस्त सभ्य माणसाच्या या संकोचावर असते, आणि हीच गोष्ट मला सर्वाधिक आक्षेपार्ह वाटते.

वस्तुतः कूपन ही खैरात नव्हे. गिऱ्हाईक दारात आले त्या क्षणीच त्याने मालकाचे काम केलेले असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या आठव्या कलमानुसार, प्रस्तावातील अटींची पूर्तता करणे हाच त्या प्रस्तावाचा स्वीकार होय. आमचे औषध विहित रीतीने वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात करणाऱ्या एका इंग्रज कंपनीने, कार्लिल नावाच्या बाईंनी ती रक्कम मागताच, तो मजकूर म्हणजे केवळ जाहिरातबाजी असल्याची कैफियत दिली. १८९२ साली तेथील अपील न्यायालयाने ती साफ फेटाळली. प्रत्येक जाहिरात करार ठरते असे नाही; तथापि सवलतीचा आकडा, मुदत आणि अटी छापून दिल्यावर, आणि त्यांवर विसंबून गिऱ्हाईक जेवून उठल्यावर, नवी अट उपस्थित करण्याची मुभा मालकाला कोणत्या न्यायाने द्यावी?

मुदत उलटलेले किंवा अन्य शाखेचे कूपन नाकारण्याचा त्याचा हक्क मात्र निर्विवाद आहे, आणि पदार्थ मागवण्यापूर्वीच कूपन दाखवणे गिऱ्हाइकाच्याही हिताचे. परंतु ज्या सवलतीच्या दराने सेवा देण्याचा इरादाच नाही, त्या दराची जाहिरात करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, जाहिरातीतील दाव्याला जोडलेला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि ठळकपणे दिसेल असा असावा लागतो. मराठीत सवलत जाहीर करून तिच्या अटी तळाशी बारीक इंग्रजीत दडवणे या कसोटीला उतरत नाही.

वेटरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तो हुकुमाचा ताबेदार. व्यवस्थापकाकडून नकाराचे कारण लेखी मागावे, पक्के बिल घ्यावे, कूपन जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क पडत नाही, आणि फिर्याद उपाहारगृहाच्या गावी जाऊनच नव्हे, तर आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते.