सागाच्या ओंडक्याचे मोल

आलापल्ली-बल्लारपूरकडच्या डेपोत सागाचा ओंडका मोजायचा तर मधोमध फीत गुंडाळतात. घेराच्या चतुर्थांशाचा वर्ग करून लांबीने गुणले की झाले घनफळ. घेर १२० सेंटिमीटर, लांबी ४ मीटर असेल तर ०.३६ घनमीटर. पण वर्तुळाच्या सूत्राने आपण हेच गणित केले, तर उत्तर सुमारे ०.४६ येते! मग २१ टक्के लाकूड गेले कुठे? कापणीत कडेच्या गोलट फळ्या आणि भुसा वाया जातो, त्यापोटी ही सूट. (वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.)

भाव मात्र फितीवर ठरत नाही. पोकळ ओंडकाही फितीला भरीवच वाटतो. म्हणून जाणकार आधी कापलेली टोके पाहतो : मधे पोकळी आहे का, चिरा किती खोल, कडेचा फिकट रसकाष्ठाचा पट्टा केवढा? वाळवी-बुरशीला दाद न देणारी द्रव्ये साठतात ती आतल्या तपकिरी मध्यकाष्ठात. कोवळ्या सागात हा गाभाच लहान असतो. 'साग लावा, वीस वर्षांत लखपती व्हा' अशा थाटाच्या जाहिराती आपण १९९०च्या दशकात वाचल्या. त्यांत झाडांची संख्या असे. गाभ्याचा उल्लेख आम्हाला तरी कुठे दिसला नाही.