विक्रमी पाऊस आणि कोरडी विहीर

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे क्षेत्र ‘दक्षिण कोकणची काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. देवालयाच्या पायथ्याशी समुद्राच्या लाटा येऊन थडकतात आणि ओहोटीच्या वेळी खडकांत कोरलेली शिवलिंगे उघडी पडतात. महाशिवरात्रीस येणारा यात्रेकरू हे दृश्य पाहून तृप्त होतो. परंतु किनारा सोडून सड्यावर चढले म्हणजे निराळेच चित्र दिसते. उन्हाने तापलेला कातळ, वाळलेले गवत आणि कातळ फोडून मोठ्या कष्टाने लावलेली हापूसची कलमे. एकदा वैशाखात अशाच एका सड्यावर एक वृद्ध बागायतदार विहिरीत डोकावून मला म्हणाले, “साहेबानू, पाऊस पडता भरपूर, पण तो ऱ्हवता खंय?”

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर शोधण्यासाठी सड्यापुरते पाहून भागणार नाही. आपल्या विशाल देशाच्या दोन टोकांकडे दृष्टी टाकावी लागेल.

टोकाच्या भूप्रदेशांचा देश

भारतभूमीइतके वैविध्य फार थोड्या देशांत आढळते. उत्तरेस 8,586 मीटर उंचीचे कांचनगंगा शिखर आहे, तर केरळातील कुट्टनाडात शेतकरी समुद्रसपाटीच्याही खाली भात पिकवितो. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा काळा पाषाण जगातील अतिविशाल लाव्हा प्रदेशांत गणला जातो. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद तुलना आहे ती अतिवृष्टीच्या व अवर्षणाच्या प्रदेशांची.

चेरापुंजीचा धडा

मेघालयातील मौसिनराम येथे वर्षाला सरासरीने सुमारे 11,870 मि.मी. पाऊस पडतो. शेजारच्या चेरापुंजीस ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत 26,461 मि.मी. पाऊस पडला व तो जागतिक विक्रम ठरला. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे खासी टेकड्यांच्या उभ्या कड्यांवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि सारे पाणी तेथेच ओततात.

असे असूनही हिवाळ्यात याच चेरापुंजीतील स्त्रियांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. कारण उघड आहे. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि अनेक ठिकाणी वृक्षांचे आच्छादन नाहीसे झालेले. पडलेले पाणी पाहता पाहता खालच्या मैदानात निघून जाते.

त्याच मेघालयातील काही शेतकऱ्यांनी मात्र यावर पूर्वापार उपाय योजला आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी चिरलेल्या बांबूंच्या पन्हळींतून ते सुपारी व पानवेलीपर्यंत आणतात आणि झाडाच्या मुळाशी थेंबाथेंबाने सोडतात.

जैसलमेरची खडीन

आता दुसरे टोक पाहू. थर वाळवंटातील जैसलमेर येथे वर्षाला 200 मि.मी.हूनही कमी पाऊस पडतो. तरीसुद्धा तेथील पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘खडीन’ पद्धती रूढ केली. खडकाळ माळावरून वाहणारे पाणी सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर रब्बीत गहू व हरभरा घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. जो कातळ आपणांस निरुपयोगी वाटतो, तोच तेथे पाणी गोळा करून देणारे भांडवल ठरला.

आपल्या सड्याचा हिशेब

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे 3,000 मि.मी. पाऊस पडतो असे धरले, तर एका गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी पडते. जैसलमेरच्या गुंठ्यास वीस हजार लिटरही मिळत नाही. मग आपली विहीर का आटते? पाऊस चार महिन्यांत कोसळून संपतो, कातळावर माती नाममात्र असते आणि समुद्र तर हाकेच्या अंतरावर आहे.

आपला जांभा हे देखील पावसाचेच अपत्य होय. उष्णता व पाऊस यांनी मूळ खडकातील चुना, पालाश व वाळूचा अंश लक्षावधी वर्षे धुऊन नेला आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. पाऊस देतो तसा नेतोही, हे या कातळावरून ध्यानात घ्यावे.

काय करावे?

1. पावसाळा संपताच, वहाळ वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू वा माती भरून वनराई बंधारे घालावेत. पाणी आटल्यावर घातलेला बंधारा व्यर्थ होय.

2. उतारावर माती असेल तेथे समपातळीत चर खणावेत व त्यांची माती खालच्या अंगास टाकावी.

3. नव्या बागेत जलकुंड खणावे. चार मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्ड्यास प्लॅस्टिकचे अस्तर घातल्यास चार हजार लिटर पाणी राहते. एका कलमास आठवड्यास दहा लिटर दिले, तर डिसेंबर ते मे या सव्वीस आठवड्यांत 260 लिटर लागतात. बाष्पीभवनाची तूट धरूनही दहा-बारा कलमे जगतील. कुंडावर झापांचे आच्छादन मात्र अवश्य घालावे.

4. पालापाचोळा व गवत जाळू नये, ते कलमांच्या आळ्यात पसरावे. बागेभोवती गवत कापून जाळरेषा राखावी. एका वणव्याने अनेक वर्षांची मेहनत एका दुपारी राख होते.

ग्रामसेवकांनी व कृषी कर्मचाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा तरी शेतकऱ्यांसमवेत सड्यावर फिरावे आणि पाणी कोठून येते व कोठे जाते, हे प्रत्यक्ष दाखवावे. भर पावसातील अशा एका फेरीने जे उमजते, ते सभेतील भाषणाने उमजत नाही.

पावसाचा विक्रम हे निसर्गाचे देणे आहे. त्यात आपले कर्तृत्व नाही. आपले कर्तृत्व आहे ते पाणी थांबविण्यात. त्या वृद्ध बागायतदारांच्या प्रश्नास उत्तर इतकेच, की आपण जागा करून देऊ, तेथे पाऊस राहील.