घरच्या सहलीचा आराखडा

सहल म्हणजे मौज, आणि मौजेला कसला आला आराखडा, असे म्हणणाऱ्या मंडळींशी आमचे भांडण नाही. पण ज्या घरातून आजी, सून, शाळकरी मुले अशी सात-आठ माणसे एकदम बाहेर पडावयाची असतात, त्या घरात मौज सुरू होण्यापूर्वी जी धांदल उडते तिचा विचार करावयास काय हरकत आहे?

मोठी कामे वेळेवर पुरी करण्याचे एक शास्त्र गेल्या शतकात तयार झाले. अमेरिकेत ड्यू पाँट ह्या रसायनांच्या कंपनीत १९५७ च्या सुमारास, आणि लगेच १९५८ मध्ये तेथील आरमाराच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात, त्याच्या दोन पद्धती निघाल्या. दोहोंचे मर्म एकच. कामाचे तुकडे पाडावयाचे, कोणता तुकडा कोणत्यावाचून अडतो ते पाहावयाचे, आणि त्यांतली सर्वांत लांब साखळी शोधावयाची. हिला आपण निर्णायक वाट म्हणू. बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते. हिला मुळीच नसते.

आता काष्टीचे एक घर घ्या. अष्टविनायकांना जाऊन यावयाचे ठरले. वाहन कधी सांगावयाचे, हाच पहिला प्रश्न सर्वांच्या तोंडी येतो. परंतु कामे कागदावर मांडून पाहू. तारखेवर घरात एकमत व्हावयास ३ दिवस धरा. नंतर मुलाच्या रजेस ७ दिवस, रजा मिळाल्यावर वाहन व मुक्कामाची सोय ह्यांस ४ दिवस, शेवटी बांधाबांध २ दिवस, एकूण १६. आजीचे गुडघे डॉक्टरांस दाखवून औषध आणणे, लेण्याद्रीच्या तीनशेंवर पायऱ्यांसाठी ते अवश्यच, ५ दिवसांचे काम. ह्या वाटेने १० दिवसच लागतात.

आणि गोठ्यातल्या गाई? तारीख ठरल्यावर धार काढणारा भरवशाचा माणूस शोधावयास ४ दिवस. नवा हात लागला की गाय पान्हा चोरते, हे काष्टीच्या जनावरांच्या बाजारात वावरलेल्यांना आम्ही सांगावयास नको. तिला त्या हाताची सवय व्हावयास १० दिवस धरा. म्हणजे ३, ४, १० आणि बांधाबांधीचे २ मिळून १९. निर्णायक वाट रजेची नव्हे, वाहनाचीही नव्हे. ती गोठ्यातून जाते! हे आधी कोणी पाहत नाही म्हणून आयत्या वेळी एक वाक्य ऐकू येते : "तुम्ही जा, मी थांबते." असे म्हणणारी बाई बहुतेक घरांत ठरलेली असते, आणि तिच्यावाचून झालेल्या सहलीस सहकुटुंब म्हणणे आम्हांस तरी जड जाते.

मग घाई करावयाची तर कोठे? वाहनवाल्यास जादा पैसे देऊन एक दिवसही वाचत नाही. पण गाईंच्या ओळखीचा, शेजारचाच माणूस मिळाला आणि सवयीचे १० दिवस ५ वर आले, तर ती वाट १४ दिवसांची होते. तथापि वाचतात ३ दिवसच, ५ नव्हेत. कारण आता १६ दिवसांची रजेची वाट निर्णायक ठरते. एक अडचण दूर केली की दुसरी पुढे येते, हे ह्या हिशेबात स्वच्छ दिसते.

प्रवासातील वेळेसाठी आरमाराच्या पद्धतीत एक सोपे सूत्र आहे. समजा, लेण्याद्रीहून घाट उतरून महडला जावयास सर्व सुरळीत असता ४ तास, बहुधा ५, आणि वाईटात वाईट ९ तास लागतील. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात उरलेले दोन मिळवावे व सहाने भागावे : साडेपाच तास. वडीलधारी मंडळी अंदाजाने "पाचाचे सहा धरा" म्हणतात ते फारसे चुकत नाही.

क्रमाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. काष्टीकरांना सिद्धटेक जवळ. पण रूढ क्रमात पहिले मोरगाव, मग सिद्धटेक, पाली, महड, आणि नंतर पुन्हा घाट चढून थेऊर. रस्त्याच्या सोयीने थेऊर आधीच उरकता येते, आणि पुष्कळ लोक तसेच करतात. घाट उतरल्याशिवाय पाली नाही, हे बंधन भूगोलाचे. मोरगावापासून आरंभ, हे श्रद्धेचे. पहिले कोणासही मोडता येत नाही. दुसरे मोडावयाचे की नाही हे आजीस विचारावे, आणि तारीख ठरवितानाच विचारावे. वाहन दारात उभे राहिल्यावर नव्हे.

राहता राहिला परतीचा दिवस. धार काढणाऱ्यास पोहोचण्याच्या संध्याकाळपर्यंतच सांगू नये, दुसऱ्या सकाळचीही धार त्याच्याकडे ठेवावी. घाटात दोन तास मोडले तरी मग कोणाचा जीव गोठ्याकडे लागत नाही.